सूत्रातला सहा कुठून आला?

एक वजा, सहा गुणिले फरकांच्या वर्गांची बेरीज, भागिले एन गुणिले एन वर्ग वजा एक. वाणिज्य, मानसशास्त्र, बी.एड. अशा कुठल्याही वाटेनं संख्याशास्त्राच्या पेपरापर्यंत पोचलेल्या मुलांनी हे सूत्र कधी ना कधी घोकलेलं असतं. गणित हमखास येतं, गुण हमखास मिळतात, आणि पेपर संपला की सूत्र विसरलं जातं. त्यातला तो 'सहा' कुठून आला, हे वर्गात सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'तो स्थिरांक आहे' असं उत्तर मिळतं. म्हणजे उत्तर मिळतच नाही.

हा क्रमसहसंबंध. एकाच गोष्टींच्या दोन क्रमवार याद्या असतील, तर त्या एकमेकींशी कितपत जुळतात, ते एका आकड्यात सांगणारं माप. पूर्ण जुळल्या तर अधिक एक, बरोबर उलट्या निघाल्या तर उणे एक, एकीचा दुसरीशी काही मेळ नसेल तर शून्याच्या आसपास. एवढं सगळ्यांना पाठ असतं. मुद्दा आहे तो आकडा तयार कसा होतो याचा. तो उलगडायला दोन गोष्टी लागतात आणि त्या दोन्हींचा चाळीसगाव तालुक्याशी जुना संबंध आहे. तिथे जाऊच, पण आधी जेवून घेऊ.

थंडी पडली की खानदेशात शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. समजा, अशाच एका पार्टीला पाच घरांनी आपापलं भरीत आणलं. सगळ्यांची वांगी बामणोदकडची, काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली. तरी पाचही ताटांची चव वेगळी. परीक्षक दोघं: गावातल्या आक्का आणि जळगावहून आलेले मामा. आता यांना दहापैकी गुण द्यायला सांगितले तर घोटाळा होतो. मामा सढळ हाताचे, आठच्या खाली उतरत नाहीत. आक्कांच्या हातून सहाच्या वर गुण सुटत नाही. मामांचे आठ आणि आक्कांचे सहा यांत चांगलं कुठलं, ते सांगता येत नाही, कारण चवीला ना मीटर, ना किलो. पण 'यापेक्षा ते बरं' हे दोघंही ठामपणे सांगू शकतात. म्हणून गुण सोडायचे आणि क्रमांक घ्यायचे.

ताटांना क, ख, ग, घ, च म्हणू. आक्कांनी याच ओळीनं पहिला ते पाचवा क्रमांक दिला. मामांनी ख पहिलं, क दुसरं, ग तिसरं, च चौथं आणि घ पाचवं ठरवलं. दोघांच्या क्रमांकांतला फरक क, ख, घ आणि च या चार ताटांसाठी एकेक, ग साठी शून्य. नुसते फरक मिळवले तर अधिक-उणे कापले जाऊन शून्यच येणार, म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज करायची. ती आली ४.

चार म्हणजे कमी की जास्त? पाठ्यपुस्तकं इथे सूत्राकडे उडी मारतात, आणि नेमकं इथेच थांबायला हवं. चारची तुलना कशाशी करायची? मामांनी भरीत न चाखता डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तर वर्गांची बेरीज किती आली असती, त्याच्याशी.

ते काढणं अवघड नाही. एक ते पाच या क्रमांकांच्या वर्गांची बेरीज ५५. दोन याद्यांची मिळून ११०. फरकाचा वर्ग म्हणजे दोन्ही क्रमांकांचे वर्ग मिळवून त्यांतून गुणाकाराची दुप्पट वजा केलेली रक्कम. चिठ्ठ्या टाकल्या तर प्रत्येक ताटाच्या वाट्याला सरासरीनं तिसरा क्रमांक येणार, तेव्हा दोन क्रमांकांच्या गुणाकाराची सरासरी तीन गुणिले तीन, नऊ. पाच ताटांचे ४५, त्याची दुप्पट ९०. ११० वजा ९० म्हणजे २०. निव्वळ योगायोगानं सरासरी वीस यायला हवेत तिथे आपल्याला चारच मिळाले. विसातले चार, म्हणजे एक पंचमांश. तो एकातून वजा केला की ०.८. हाच आक्का आणि मामांचा क्रमसहसंबंध, आणि त्या लांबलचक सूत्राचा सगळा अर्थ एवढाच: एक वजा, प्रत्यक्ष आलेली तफावत भागिले योगायोगानं अपेक्षित असलेली तफावत. मामांनी यादी बरोबर उलटी लावली असती तर वर्गांची बेरीज ४० आली असती, विसाची दुप्पट. म्हणून दुसऱ्या टोकाला उणे एक.

पाचाच्या जागी एन ठेवून हेच केलं तर अपेक्षित तफावत येते एन गुणिले एन वर्ग वजा एक, भागिले सहा. म्हणजे सहा मुळात छेदात असतो आणि भागाकार उलटा होताना वर चढतो. छेदात तो येतो दोन ठिकाणांहून. वर्गांच्या बेरजेच्या सूत्रातून एक तीन येतो, सरासरी क्रमांकाच्या सूत्रातून एक दोन. समच्छेद केला की सहा.

वर्गांच्या बेरजेचा हा नियम भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. पदसंख्येची दुप्पट करा, एक मिळवा, तिनानं भागा आणि साध्या बेरजेनं गुणा. पाचासाठी अकरा भागिले तीन गुणिले पंधरा, म्हणजे ५५. नियम भास्कराचार्यांच्याही आधीचा, आर्यभटालाही तो ठाऊक होता. पण इकडे शतकानुशतकं गणित शिकणाऱ्यांच्या हाती तो पडला तो 'लीलावती'तून.

आणि 'लीलावती' म्हटलं की चाळीसगावची गाडी पाटणकडे वळणारच. गावापासून सतरा-अठरा किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या डोंगरकुशीत पाटणादेवीचं ठाणं आहे. तिथला संस्कृत शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे ठेवला. लेख शके ११२८ चा, इसवी सनानं १२०७ चा. यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी' आणि इतर ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यानं मठ उभारला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं लेख सांगतो. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: बाजारातल्या मालावरचा आणि तेलाच्या घाण्यांवरचा वाटा मठाला कसा पोचवायचा, याचा तो तपशील. गणिताच्या शिक्षणाचा खर्च तेलाच्या घाण्यातून निघावा, ही व्यवस्था मला फार आवडते. भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव विज्जलविड हे नेमकं कोणतं, यावर विद्वानांचे वाद आहेत आणि पाटणचा दावाही त्यांत आहे. शिलालेखाची साक्ष मात्र नातवापुरती आणि मठापुरती धरावी.

'लीलावती' हा 'सिद्धांतशिरोमणी'चा पहिला भाग, ११५० चा. त्याच्या शेवटी 'अंकपाश' नावाचं प्रकरण येतं. वस्तू किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील, याचं हे गणित. तिथलं एक उदाहरण असं: शंभूच्या दहा हातांतली पाश, अंकुश, सर्प, डमरू वगैरे दहा आयुधं हातोहात बदलत नेली तर मूर्तीचे भेद किती? उत्तर ३६,२८,८००. आणि गदा, चक्र, कमळ, शंख धरणाऱ्या हरीचे? चोवीस. संध्येतली केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं ज्यांना पाठ आहेत, त्यांना हे चोवीस कुठले ते सांगायला नको.

क्रमसहसंबंधाला लागणारी दुसरी गोष्ट हीच. आक्का-मामांचा आकडा ०.८ आला, हे ठीक. पण एवढी एकवाक्यता निव्वळ चिठ्ठ्यांनी आली असती का? पाच ताटं लावण्याचे प्रकार पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे १२०. त्यांतले किती प्रकार आक्कांच्या यादीशी इतके किंवा याहून जास्त जुळतात? हुबेहूब तीच यादी एक. शेजारशेजारच्या दोन ताटांची एकच अदलाबदल झालेल्या चार. आणि मामांच्या यादीसारख्या, दोन वेगळ्या जोड्या उलटलेल्या तीन. एकूण आठ. १२० पैकी आठ, म्हणजे पंधरातून एक. संख्याशास्त्रात विसातून एकापेक्षा कमी शक्यता असेल तरच 'हा योगायोग नसावा' असं म्हणण्याचा रिवाज आहे. त्या मापानं ०.८ सारखा भारदस्त आकडाही इथे नापास होतो. ताटं चारच असती तर दोघांच्या याद्या तंतोतंत जुळूनही योगायोगाची शक्यता चोवीसात एक राहिली असती. विष्णूच्या चोवीस मूर्तींतून डोळे मिटून नेमकी केशवाची उचलावी तशी. पण दहा ताटांवर दोघांचं तंतोतंत जमलं, तर तो योगायोग छत्तीस लाखांत एक.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाच-सहा नगांवर ०.८ काढून 'उच्च धनात्मक सहसंबंध' असं लिहून खाली दोन रेघा मारण्याची जी पद्धत रूढ आहे, तिची अडचण यातच आहे. आकडा बरोबर, निष्कर्ष घाईचा.

तर साहित्य दोन्ही 'लीलावती'त होतं. म्हणून क्रमसहसंबंध आपलाच, असं कुणी भाषणात ठोकून दिलं तर मात्र टाळी देऊ नये. वर्गांची बेरीज कशी करायची आणि क्रम किती लागतात, हे भास्कराचार्यांना ठाऊक होतं. पण दोन गोष्टी अर्धवट जुळू शकतात आणि तो अर्धवटपणा मोजता येतो, हा प्रश्नच एकोणिसाव्या शतकातला. फ्रान्सिस गाल्टननं १८८८ मध्ये तो मांडला, कार्ल पिअर्सननं पुढे त्याला नेहमीच्या सहसंबंध गुणांकाचं रूप दिलं. क्रमांकांवर तो बसवला चार्ल्स स्पिअरमननं. हा मूळचा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. पंधराएक वर्षांची नोकरी सोडून तिशी उलटल्यावर जर्मनीत लाइप्झिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे मानसशास्त्र शिकायला गेला. १९०४ साली त्यानं अमेरिकेच्या मानसशास्त्रीय नियतकालिकात दोन निबंध छापले. एकात मोजण्याची पद्धत होती, दुसऱ्यात बुद्धिमत्तेचा विचार. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांचे वेगवेगळ्या विषयांतले क्रमांक एकमेकांशी जुळतात का आणि सूर, प्रकाश, वजन यांतले बारीक फरक ओळखण्याच्या कसोट्यांशी जुळतात का, हे त्याला बघायचं होतं. हुशारीला मीटर नव्हता, भरताच्या चवीला नाही तसाच. पिअर्सनला ही क्रमांकांची तऱ्हा फारशी मानवली नाही आणि दोघांत चांगलीच जुंपली.

१९३८ मध्ये मॉरिस केंडॉल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं वेगळीच वाट काढली. तो त्या वेळी तिकडच्या शेतकी मंत्रालयात कामाला होता. फरक नको, वर्ग नको. नुसत्या जोड्या मोजा, असं त्याचं म्हणणं. पाच ताटांच्या जोड्या होतात दहा. प्रत्येक जोडीत 'कुठलं बरं' यावर आक्का आणि मामा यांचं एकमत आहे का, ते बघायचं. आठ जोड्यांवर एकमत, दोनवर मतभेद. आठ वजा दोन, भागिले दहा: ०.६. हा केंडॉलचा टाऊ. स्पिअरमनचे ०.८ आणि केंडॉलचे ०.६ हे एकाच भरताचे दोन आकडे आहेत, म्हणून एकाला मोठा आणि दुसऱ्याला छोटा म्हणण्यात अर्थ नाही. मला स्वतःला टाऊ जास्त पटतो, कारण तो तोंडी सांगता येतो: दहा प्रश्नांपैकी आठांवर दोघांचं पटलं.

आता खरे आकडे घेऊ. खानदेशातली आठ गावं: जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर आणि चोपडा. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येचा उतरता क्रम हाच होता. २०११ मध्ये एकच बदल झाला: चाळीसगाव अमळनेरच्या पुढे गेलं. २००१ मध्ये अमळनेर तीनशे-चारशे माणसांनी पुढे होतं, दोन्ही गावं एक्याण्णव हजारांच्या घरात. दहा वर्षांनी चाळीसगाव साडेसत्त्याण्णव हजारांवर आणि अमळनेर शहाण्णव हजारांवर. आठ गावांच्या अठ्ठावीस जोड्या होतात. सत्तावीसांचा क्रम तसाच राहिला, एकीचा उलटला. टाऊ ०.९३. स्पिअरमनच्या रीतीनं अपेक्षित तफावत ८४, आलेली २, म्हणून ०.९८. चाळीसगाव-अमळनेरच्या या चुरशीत चाळीसगावकरांना भले आनंद होवो. दोन्ही आकडे म्हणतात की खानदेशात दहा वर्षांत काही घडलंच नाही.

घडलं मात्र होतं. २००१ मध्ये जळगाव धुळ्याच्या पुढे होतं ते सत्तावीस हजारांच्या आसपास. २०११ मध्ये हे अंतर पंच्याऐंशी हजारांच्या आसपास गेलं, म्हणजे तिपटीहून जास्त. दोन शहरांच्या वाढीचा वेग एवढा वेगळा असूनही क्रम तोच राहिला, म्हणून टाऊला त्याचा पत्ता नाही. आणि अमळनेर-चाळीसगावमधली दोनएक हजार माणसांची उलथापालथ मात्र त्यानं नोंदवली. क्रमांकाला फक्त मागे-पुढे कळतं, किती मागे आणि किती पुढे ते कळत नाही.

हे आंधळेपण कधीकधी उपयोगी पडतं. ऑगस्ट २०२१ अखेर एका रात्रीच्या पावसानं फुगलेल्या तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगावात हाहाकार माजवला आणि कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तीसएक वर्षांत पाऊस वाढतोय की घटतोय, हे सरासऱ्यांच्या सरळ रेषेनं तपासायला गेलं, तर असं एखादं वर्ष सगळी रेषा स्वतःकडे ओढून घेतं. क्रमांकांच्या लेखी ते फक्त 'सगळ्यांत ओलं वर्ष'. ते दुसऱ्या क्रमांकाच्या वर्षापेक्षा दोन मिलिमीटरनं जास्त असो की दोनशेनं, हिशेब तोच. म्हणून हवामानाचे अभ्यासक पावसाचा कल बघायला मान-केंडॉल चाचणी वापरतात. हेन्री मान यांनी ती १९४५ मध्ये मांडली, आणि ती म्हणजे टाऊच. एका यादीत वर्षं, दुसरीत पाऊस. तीस वर्षांच्या ४३५ जोड्या घ्यायच्या आणि किती जोड्यांत नंतरच्या वर्षी पाऊस जास्त होता ते मोजायचं. कल किती, हे सांगायला तिच्या जोडीनं जो उतार काढतात तो प्रणवकुमार सेन यांचा, १९६८ चा. सेन हे कोलकात्याचे.

पण पाऊस आणि कपाशीचं उत्पन्न यांच्यावर क्रमसहसंबंध लावायचा तर जपून. पाऊस वाढला तसं पीक सुधारत जातं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे बोंडं सडतात, पातं गळतं, झाडं पिवळी पडतात. कोरड्या वर्षी पीक कमी, अतिवृष्टीच्या वर्षीही कमी, मधल्या वर्षी भरघोस. अशा आकड्यांचा टाऊ किंवा स्पिअरमनचा आकडा काढला तर तो शून्याच्या जवळ येऊ शकतो, आणि 'पावसाचा कपाशीशी संबंध नाही' असं छापून मोकळं होणाऱ्याला चाळीसगावच्या मार्केट यार्डात कुणी चहा पाजणार नाही. ही मापं एकाच दिशेनं चढणारं किंवा उतरणारं नातं पकडतात, मग ते सरळ चढो की वाकडंतिकडं. चढून उतरणारं नातं त्यांच्या हातातून निसटतं. म्हणून आधी आलेखावर ठिपके टाकून बघावेत. त्याला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. आक्कांना दोन भरितं सारखीच आवडली तर? मग दुसरा आणि तिसरा क्रमांक वाटून घ्यायचा, दोघांनाही अडीच. असे बरोबरीचे क्रमांक आले की 'सहा'वालं सूत्र बिघडतं, कारण एक ते पाचच्या वर्गांची बेरीज ५५ राहत नाही: चार आणि नऊच्या तेराऐवजी सव्वासहा दोनदा येतात, म्हणजे साडेबारा. हे अर्ध्याचं भगदाड बुजवायला आपली पाठ्यपुस्तकं दुरुस्तीचं पद जोडायला शिकवतात आणि मुलं तेही घोकतात. कागद-पेन्सिलच्या जमान्यात ते समजण्यासारखं होतं. आता एक्सेलमध्ये आधी क्रमांक काढावेत, बरोबरीवाल्यांना सरासरी क्रमांक द्यावा आणि त्या दोन रकान्यांचा पिअर्सनचा साधा सहसंबंध काढावा. स्पिअरमनचा आकडा तोच असतो. बरोबरी नसेल तेव्हा सूत्रातून येणारा आणि हा दशांशापर्यंत एकच निघतो.